जुन्या बंदुकीचे मोल

ज्या वस्तूस उघडा बाजार आहे तिचे मोल ठरविण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. दहा गिऱ्हाइके समोर उभी राहिली म्हणजे वस्तूचा भाव आपोआप प्रकट होतो. परंतु ज्या वस्तूस गिऱ्हाईकच मोजके, आणि तेही सरकारच्या परवानगीवाचून पुढे येऊ शकत नाही, तिचे वाजवी मोल कोणते, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच इतिहासाचाही होऊन बसतो. जुनी बंदूक ही अशा वस्तूंपैकी एक होय. तिच्या विक्रीत मालकाची फसगत होते, ती बहुधा त्याच्या भोळेपणामुळे होते असे समजले जाते. आमच्या मते तिचे मूळ याहून खोल, म्हणजे गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या राज्यव्यवहारात आहे. तेच वाचकांपुढे मांडण्याचे येथे योजिले आहे.

या विवेचनासाठी आम्ही खानदेशातील बोदवड हे गाव निवडले आहे, आणि त्यास कारण आहे. भुसावळाहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग 1867 साली पुरा झाला. त्या मार्गावरील हे गाव कापसाच्या पट्ट्यात, वऱ्हाडच्या सीमेस लागून वसलेले आहे. येथील मनुष्यास भाव म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. कापसाची गाडी बाजारात नेऊन उभी केली, की तिचे मोल कोणत्या रीतीने ठरते व कोणत्या रीतीने बुडते, हे त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी या देशातील बाजारांत हत्ता पद्धतीचे सौदे चालत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. रुमालाखाली काय बोलले गेले हे त्यास कळत नसे. हाती पडेल ती रक्कम घेऊन तो घरी जाई. या अन्यायास आळा घालण्याचे प्रयत्न कापसापासूनच सुरू झाले. शेजारच्या वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात 1927 साली कापूस बाजाराचा कायदा आला, आणि 1939 च्या शेतमाल बाजार कायद्याने तेच तत्त्व इतर मालासही लागू केले. तत्त्व साधे होते. खरेदीदार अनेक असावेत, भाव उघड बोलला जावा, आणि विकणारास नाही म्हणण्यास अवकाश असावा. या तीन गोष्टी असल्या म्हणजे वाजवी भाव बहुधा मिळतो. त्यांपैकी एकही ढळली तरी तो डळमळतो.

आता याच बोदवडातील एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. आजोबांच्या वेळची दुनळी बारा बोअरची बंदूक माजघरातील कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. आजोबांना शिकारीचा नाद होता. वडिलांनी परवान्याचे नूतनीकरण नेमाने केले, पण बंदूक क्वचितच उचलली. मुलगा पुण्यास किंवा मुंबईस नोकरीवर आहे आणि त्यास ती नकोच आहे. विकावयाचे ठरते. जो मनुष्य कापसाच्या भावासाठी दिवसभर बाजारात तिष्ठत उभा राहील, तोच या बंदुकीचा व्यवहार एका दुपारी, एकाच माणसाशी, त्याने सांगितलेल्या पहिल्या आकड्यावर उरकून मोकळा होतो. असे का व्हावे? कारण बंदुकीचा सौदा आजही रुमालाखालीच चालतो. फरक इतकाच की येथे रुमाल अडत्याने नव्हे, इतिहासाने धरलेला आहे.

हा रुमाल पूर्वी नव्हता. मराठेशाहीतील शिलेदार आपला घोडा व आपले हत्यार स्वतः घेऊन चाकरीस येई, आणि बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदाराचे हत्यार हे त्याचे भांडवल होते. ते घेणे, गहाण टाकणे, विकणे या गोष्टी घोड्याच्या व्यवहारासारख्याच नित्याच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन याने कवायती पलटणे उभारली, तेव्हा आग्र्यास शस्त्रांचा कारखाना निघाला. सँग्स्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली तेथे विलायती नमुन्याच्या तोडीच्या बंदुका तयार होत, आणि त्या दर नग दहा रुपयांस पडत, अशी नोंद त्या काळच्या इतिहासकारांनी करून ठेविली आहे. दहा रुपये हा आकडा लहान वाटेल, पण त्याचा अर्थ मोठा आहे. नव्या बंदुकीस निश्चित किंमत होती, म्हणून जुन्या बंदुकीसही तिच्या मानाने किंमत लावता येई. नवी दहास मिळत असता जुनीचे आठ मागणारा आणि पाच देऊ करणारा, दोघेही एकाच मापाने बोलत होते.

1818 च्या आरंभी मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी थाळनेरचा किल्ला पडला, आणि मालेगावच्या किल्ल्यात ठाण मांडून बसलेल्या अरब शिपायांनी वेढ्यानंतर शरणागती पत्करली. ज्यांचे पोट हत्यारावर चालत होते अशा माणसांचा धंदा एका वर्षात बसला. लढाया थांबल्या की हत्यारे स्वस्त होतात, हा सर्व देशांतील अनुभव आहे; परंतु तेवढ्याने बाजार नाहीसा होत नाही, भाव तेवढा उतरतो. नव्या सरकारने खानदेशात एक वेगळीच युक्ती योजिली. 1825 साली जेम्स औट्राम याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभारली, आणि ज्यांच्या हातच्या हत्याराचे भय होते त्यांच्याच हाती सरकारी हत्यार दिले. कोणाच्या हाती हत्यार असावे हे ठरविण्याचा अधिकार राज्यकर्त्याने स्वतःकडे घेतला, त्याचे या प्रांतातील हे एक ठळक पाऊल होय. त्या वेळी ते दानाच्या रूपाने आले म्हणून कोणास बोचले नाही.

पुढले पाऊल मात्र बोचणारे होते. 1857 च्या उठावात सातपुड्याच्या पायथ्याशी खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सेंधव्याच्या घाटावर सरकारला जेरीस आणले, आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणी येथे मोठी झुंज झाली. दरम्यान 1857 सालचा 28वा कायदा व त्यामागून 1860 सालचा 31वा कायदा यांनी प्रजेच्या हत्यारांवर निर्बंध घातले. दक्षिणेत मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी 1857 च्या नोव्हेंबरात बंड केले, ते या हत्यारे काढून घेण्याच्या हुकमावरूनच. या बंडाकडे आपण नेहमी स्वाभिमानाच्या दृष्टीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यास आमच्या विषयाचीही एक बाजू आहे. ज्या वस्तूवर बेरडाचे शेत, चाकरी आणि प्रतिष्ठा उभी होती, ती वस्तू खाली ठेवण्याचा हुकूम झाला तेव्हा तिच्या मोलाची घासाघीस करण्यास त्यास जागाच उरली नव्हती. नाही म्हणण्याचा अवकाश गेला, तेथे भावही गेला.

यानंतर आला तो 1878 सालचा 11वा कायदा, म्हणजे प्रसिद्ध हत्यारांचा कायदा. लॉर्ड लिटन यांच्याच कारकीर्दीत व त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांचा गळा दाबणारा कायदा झाला होता, त्यामुळे ही दोन्ही अपत्ये लोकांच्या मनात जुळी म्हणूनच राहिली. या कायद्याचे पाचवे कलम आमच्या विषयाशी थेट संबंध ठेवते. परवान्यावाचून हत्यारे बनविणे वा विकणे यास त्याने बंदी केली. तथापि खाजगी उपयोगासाठी रीतसर बाळगलेले हत्यार, ज्यास ते बाळगण्याची मनाई नाही अशा माणसास विकण्याची मुभा ठेविली. अट एवढीच की, विक्री झाल्यावर विनाविलंब जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास खरेदीदाराचे नाव व पत्ता कळवावा. कागदावर पाहता ही अट जाचक नव्हे. परंतु मनाई नाही असे गिऱ्हाईक आणावयाचे कोठून? गावात परवानेवाले एक-दोन, तालुक्यात थोडे, आणि त्यांपैकी बहुतेकांजवळ हत्यार अगोदरच असावयाचे.

याच कलमात आणखी एक सवलत होती. ज्यांस या कायद्यातून सूट होती त्यांस हत्यार विकल्यास खबर देण्याचेही कारण नव्हते. आणि सूट कोणास होती, तर मुख्यत्वे युरोपियनांस. म्हणजे बोदवडच्या मालकास त्या काळी सर्वांत सोपे गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेविले होते: भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील साहेब. शेजारच्या देशी गृहस्थास विकावयाचे तर परवाना पाहा, खबर द्या. साहेबास विकावयाचे तर यांपैकी काही नको. जेथे एका गिऱ्हाइकास दार सताड उघडे आणि दुसऱ्यास दहा कड्या, तेथे पहिला बोलेल तो भाव होतो. हत्यारांच्या कायद्यातील वर्णभेदाची चर्चा मानापमानाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. त्या भेदाची झळ विकणाराच्या खिशासही लागत असली पाहिजे, हे कायद्याच्या मांडणीवरून उघड दिसते.

राष्ट्रीय सभेने 1887 च्या मद्रास येथील अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे 1930 च्या जानेवारीत महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी याचे नवल वाटण्याचे कारण नाही. हत्यार न उचलणे हे व्रत आहे. हत्यार बाळगण्यास अपात्र ठरविले जाणे ही मानखंडना आहे. 1931 च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क नमूद झाला.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा नवा कायदा झाला व तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याची वृत्ती पूर्वीपेक्षा उदार होती. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण अथवा खेळ यांसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची छऱ्याची बंदूक मागणारास परवाना द्यावा, असे त्यात सांगितले होते. परंतु जुन्या बंदुकीचे मोल याही काळात एका जागी स्थिर राहिले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ज्या हौसेसाठी दुनळी घेतली जाई ती हौसच कायद्याबाहेर गेली. हे होणे देशाच्या हिताचेच होते. तथापि त्यामुळे वाड्यांतील शिकारी बंदुकांचे गिऱ्हाईक आटले हेही खरे. उलट 1980 च्या दशकात परदेशी हत्यारांची खाजगी आयात जवळजवळ थांबली, तेव्हा पूर्वी आलेल्या विलायती पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे यांच्या किमती आभाळास भिडल्या. एकाच कपाटातील दोन हत्यारांपैकी एक मातीमोल व्हावे आणि दुसरे सोन्याच्या भावाने जावे, यात हत्यारांच्या गुणांचा संबंध थोडा; दोन कायद्यांच्या तारखांचा अधिक.

1983 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीन हत्यारांची मर्यादा घातली. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनावर आणली. मूळ विधेयकात तर एकच हत्यार ठेवण्याची तरतूद होती, परंतु वडिलोपार्जित हत्यारांचा प्रश्न पुढे आल्यावर आकडा दोन झाला. ज्यांजवळ तिसरे होते त्यांनी ते एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करावे असे ठरले. सर्व देशातील तिसऱ्या बंदुकांस एकाच मुदतीत वाट शोधावयास लावले, तर भावाचे काय व्हावयाचे ते बोदवडच्या शेतकऱ्याने सांगावे. दिवाळीच्या तोंडी सगळ्यांच्या गाड्या एकाच दिवशी बाजारात आल्या म्हणजे जे होते, तेच.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निघते, आणि तीच आम्हांस सांगावयाची आहे. बंदुकीचे मोल बंदुकीत नाही. ती कायदेशीरपणे घेऊ शकणाऱ्या माणसांच्या संख्येत आणि विकणाराच्या हाती उरलेल्या दिवसांत आहे. पहिली गोष्ट सरकारच्या हाती आहे. दुसरी मात्र आपल्या हाती आहे, आणि तीच आपण बहुधा घालवितो.

ती कशी, ते पाहा. परवानेदार वारला, किंवा परवाना संपला व नूतनीकरण राहिले, की ते हत्यार घरात ठेवणे बेकायदेशीर होते. 1878 च्या कायद्याचे सोळावे कलम आणि 1959 च्या कायद्याचे एकविसावे कलम या बाबतीत सख्ख्या भावंडांसारखी आहेत. हत्यार ठाण्यात किंवा व्यापाऱ्याकडे जमा करावे, ठरलेल्या मुदतीत वारसाने ते परवाना काढून परत न्यावे अथवा विकावे, आणि मुदत टळली तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणजे वडिलांच्या दिवसकार्याच्या गडबडीत असलेल्या मुलापुढे बंदूक येते ती वारसा म्हणून नव्हे, मुदतीची नोटीस म्हणून. ज्या व्यापाऱ्याकडे ती जमा आहे तोच पुष्कळदा एकमेव गिऱ्हाईक असतो, आणि विकणाराची निकड त्यास ठाऊक असते. येथे कोणी लबाडी केली पाहिजे असे नाही; निकडीचा सौदा निकडीच्याच भावाने होतो. 2016 च्या नियमांनी यावर एक चांगला उपाय ठेविला आहे. परवानेदाराचे वय सत्तर झाले किंवा हत्यार जवळ बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांपैकी जे अगोदर घडेल तेव्हा त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ज्यास वारस नाही किंवा ज्याच्या वारसास हत्यार नको आहे, त्यानेही विक्रीचा विचार हयातीतच करावा. मृत्युपत्र लिहिणारे गृहस्थ जमिनीचा तुकडान्‌तुकडा लिहितात, आणि कपाटातील बंदूक विसरतात.

विकावयाचे ठरल्यावर प्रथम आपल्याजवळ काय आहे ते ओळखावे. नळीवर व नळीखाली कारखान्याचे नाव, नंबर आणि दाब-परीक्षेचे ठसे असतात. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांचे ठसे निराळे. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली तर त्या पिळाच्या, म्हणजे दमास्कस नळ्या असण्याचा संभव आहे. अशा बंदुका पुष्कळदा काळ्या दारूच्या काळच्या असतात आणि त्यांत आजची काडतुसे घालणे जिवावरचे ठरू शकते. दिसावयास सुंदर, वापरावयास अयोग्य, तरीही संग्राहकास प्रिय, असे हे प्रकरण आहे. तोड्याची किंवा ठासणीची फार जुनी बंदूक असेल आणि ती दुरुस्तीनेही उडविता येण्याजोगी नसेल, तर 1959 च्या कायद्याचे पंचेचाळिसावे कलम तिला सूट देते. शंभर वर्षांवरील कलाकुसरीचे हत्यार पुराणवस्तू ठरू शकते, आणि 1972 च्या पुराणवस्तू कायद्याने ते खाजगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही. अशी वस्तू बंदूक म्हणून तोलावी की कारागिरी म्हणून, यावर तिच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. दस्ता घासून, रोगण लावून, गंज खरडून तिला नवी करण्याचा मोह मात्र आवरावा. नवेपणा विकत मिळतो. जुनेपणा एकदा घासला गेला की परत मिळत नाही.

मग एकाच्या बोलण्यावर न थांबता दोन-तीन परवानेदार व्यापाऱ्यांकडून लेखी अंदाज घ्यावा. ते अंदाज एका जिल्ह्यातलेच असू नयेत. लहान गावी जी वस्तू अडगळ ठरते तिला मोठ्या शहरी जाणकार भेटू शकतो. खाजगी खरेदीदार असेल तर त्याचा परवाना त्या जातीच्या हत्यारासाठी आहे का, हे प्रथम पाहावे. कायद्याप्रमाणे आपला इरादा व खरेदीदाराचे नाव-पत्ता अगोदर लेखी कळवून किमान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. या पंचेचाळीस दिवसांस लोक अडथळा म्हणतात. आमच्या मते तो विकणाराच्या पदरी पडलेला अवकाश आहे. या अवधीत दुसरा भाव विचारता येतो, पहिल्याचा पुनर्विचार करता येतो. आणि सर्व नोंदी पुऱ्या होईपर्यंत हत्यार हातचे सोडू नये. कोणी अधिक पैसे देऊन कागद टाळू पाहील, तर ते अधिक पैसे बंदुकीचे नसून आपल्या अब्रूचे व कदाचित कोणाच्या प्राणाचे आहेत, हे ओळखावे.

येथे कोणी म्हणेल, हत्याराचा बाजार आखूड आहे तो बराच आहे. भाव पडला तर पडू द्या. आम्हीही बंदुका आठवडी बाजारात मांडाव्यात असे म्हणत नाही. बोदवडाहून हाकेच्या अंतरावर वरणगावास सैन्यासाठी काडतुसे तयार करणारा कारखाना आहे. दारूगोळ्याचे काम शिस्तीवाचून चालत नाही, हे त्या परिसरात कोणास सांगावयास नको. परंतु शिस्त आणि अंधार या दोन गोष्टी निराळ्या आहेत. गिऱ्हाईक कोण असावे हे सरकारने ठरवावे. झालेल्या व्यवहारांत कोणत्या जातीचे हत्यार काय भावाने गेले, हे नावे वगळून जिल्हावार प्रसिद्ध करण्यास मात्र कोणती हरकत असावी? भाव उघड झाला तर प्रामाणिक मालकास कायद्याच्या वाटेने जाण्यातच लाभ दिसेल. जेथे सरळ वाटेने पदरी काहीच पडत नाही, तेथेच आडवाटा रुळतात.

कापसाच्या गाडीवरचा रुमाल दूर करण्यास या प्रांतात कायद्यांची एक पिढी खर्ची पडली. बंदुकीवरचा रुमाल त्याहून जुना व जाड आहे, आणि तो सर्वस्वी दूर होणे इष्टही नाही. तरी त्याचे एक टोक घरच्या कर्त्या पुरुषास आजही उचलता येईल. कपाट उघडावे, नंबर टिपून घ्यावा, परवान्याची तारीख पाहावी, आणि मुलाशी दोन शब्द बोलून ठेवावेत. वाजवी मोलाचा आरंभ तेथून होतो.